कार्डाच्या कोपऱ्यातला शब्द

हल्ली आमच्या घरात सगळ्यांना टेन्शन येतं. भाजीत मीठ जास्त पडलं की सुनेला टेन्शन, बस चुकली की नातवाला टेन्शन, आणि परवा शेजारचे गृहस्थ दवाखान्यात गेले तेव्हाही सगळ्यांना तेवढंच टेन्शन. सगळ्याला एकच माप. माझे वडील असते तर त्यांनी एकेकाला बाकावर उभं केलं असतं. मिठानं होतं ते वेगळं आणि शेजाऱ्यामुळे होतं ते वेगळं, हे त्यांनी घसा बसेपर्यंत समजावलं असतं. मी काही समजावत बसत नाही. माझ्या वयाच्या बाईचं लोक ऐकून घेतात, पण ऐकत नाहीत. म्हणून लिहून ठेवते.

वडील नंदुरबारच्या शाळेत इंग्रजीचे मास्तर होते. इंग्रजांचं राज्य होतं, जिल्हा पश्चिम खानदेश म्हणून ओळखला जायचा आणि अख्ख्या गल्लीत इंग्रजी वाचता येणारा माणूस एकच, तो म्हणजे आमचे वडील. आई मी तीन वर्षांची असताना गेली. घरात आम्ही दोघंच. स्वयंपाक ते करायचे आणि वाईट करायचे. भाकरी थापताना मला इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे भाकरी करपायची आणि माझं इंग्रजी पक्कं व्हायचं. मुलीला इंग्रजी शिकवून काय कलेक्टर करायची आहे का, असं शेजारपाजारचे विचारत. वडील म्हणत, नाही, पण शिकवायला घरात दुसरं कोणी नाही.

शब्द शिकवायची त्यांची एक तऱ्हा होती. ते अर्थ सांगत नसत, तो शब्द कोणाला लागू पडतो ते सांगत. मनाच्या काळजीचे शब्द त्यांनी एका पावसाळ्यात शिकवले, ते मला अजून क्रमानं पाठ आहेत. 'नर्व्हस' म्हणजे दिपोटी साहेब शाळा तपासायला यायचे त्या सकाळी हेडमास्तरांच्या हाताला सुटणारा घाम. साहेब गेले की तोही गेला. 'अपसेट' म्हणजे भरलेला हंडा कलंडणं. मन नीट ठेवलेलं होतं, कुणाचा तरी धक्का लागला. 'वरीड' म्हणजे कुत्र्यानं हाड चघळावं तशी एकच गोष्ट चघळत बसणं. 'अनईझी' माणूस बाहेरून अगदी धडधाकट दिसतो, पण गोधडीखाली हरभऱ्याचं टरफल राहून गेल्यासारखा सारखी कूस बदलतो.

'अँक्शस'पाशी ते थांबले होते. हा दाराकडे बघणाऱ्या माणसाचा शब्द, असं म्हणाले. कुणीतरी यायचंय आणि अजून आलेलं नाही. गंमत अशी की कुणाला भेटायला उतावीळ झालेल्या माणसालाही इंग्रज हाच शब्द लावतो, कारण तोही दाराकडेच बघत असतो. आणि सगळ्यात शेवटी 'डिस्ट्रेस्ड'. समुद्रात जहाज बुडायला लागलं की खलाशी जो पुकारा करतात, त्यातला हा शब्द. तो जपून वापरायचा, कारण तो ऐकून लोक हातातलं काम टाकून धावत येतात.

मी म्हटलं, आपल्याकडे तर बायका एवढंच म्हणतात, 'मन्हा जीव खालेवर व्हई ऱ्हायना,' जीव खालीवर होतोय. त्यात हे सगळं येतं. त्यावर ते म्हणाले की तोंडानं सांगायला तेवढं पुरतं, कारण समोरच्याला आपला चेहरा दिसत असतो. कागदाला चेहरा नसतो, म्हणून तिथं शब्द नेमका लागतो. मला तेव्हा ते फारसं कळलं नाही. भाकरी करपल्याचा वास येत होता, एवढं आठवतं.

पंधराव्या वर्षी माझं लग्न झालं. सासर तापीच्या पलीकडे, शहाद्याकडच्या एका गावात. कापूस, दादर ज्वारी, मिरची, भुईमूग, चार बैलजोड्या आणि घरात चौदा माणसं. नंदुरबारहून निघालं की गाडीनं तापीपर्यंत, नावेनं पलीकडच्या काठावरचं प्रकाशे आणि तिथून पुन्हा गाडी. आता मोटारीला तास लागत नाही. तेव्हा सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला पोचायचा, आणि नदी भरली की पोचायचाच नाही.

लग्नाच्या आधी वडिलांना एकाच गोष्टीची धास्ती होती, कार्डाची. गल्लीतल्या कितीतरी आयांना त्यांच्या लेकींची कार्डं वडीलच वाचून दाखवत. सगळ्यांत मजकूर एकच, 'येथील सर्व क्षेम.' सासरच्या कार्डाला पाकीट नसतं. सासरा सांगतो, कुणीतरी लिहितो, दीर वाचतो, टपालवाला वाचतो, वाटेत ज्याला वेळ असेल तोही वाचतो. अशात सून बिचारी काय लिहिणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यातली एक लेक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली ती वाळून काठी झालेली. तिची सगळी कार्डं वडिलांनीच वाचली होती आणि सगळ्यांत क्षेम होतं. ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्याशी करार केला. मजकूर सासरचे सांगतील तोच लिहायचा. फक्त कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात इंग्रजीत एक शब्द टाकायचा, आणि तो खरा असला पाहिजे. बरं असेल तर 'वेल'. नसेल तर जो लागू पडेल तो. 'डिस्ट्रेस्ड' लिहिलंस तर मी मिळेल त्या गाडीनं येईन आणि तुला घेऊन जाईन, असं ते म्हणाले. आणि मीसुद्धा तसाच एक शब्द टाकत जाईन. लबाडी दोघांनीही करायची नाही.

सासर वाईट नव्हतं. हे मी आधीच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला भलतंच वाटायचं. पण दोन माणसांच्या घरातून चौदा माणसांच्या घरात गेलेली मी, पहाटे जात्यावर बसायची ती रात्री भांडी पालथी घालूनच उठायची. नवरा मुका नव्हता, पण वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी बोलायचं नाही ही रीत, आणि वडीलधारे तर कायम समोरच. सासूबाई उंच, काटक, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत, आणि बोलणं फार कमी. त्या रागावल्या आहेत की नुसत्याच गप्प आहेत हे मला पहिलं वर्षभर कळलं नाही.

मला लिहिता येतं हे कळल्यावर सासऱ्यांना आनंद झाला. घरात फुकटचा कारकून आला. ते ओट्यावर बसून मजकूर सांगत आणि मी दाराआड पाटीवर कार्ड ठेवून लिहायची. पहिल्याच कार्डाच्या कोपऱ्यात मी 'अनईझी' लिहिलं. सासऱ्यांनी कार्ड हातात घेऊन न्याहाळलं. त्यांना मोडी येत होती, इंग्रजी नाही. हे काय म्हणून विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं की टपालखात्यातले साहेब इंग्रजी वाचतात, कोपऱ्यात इंग्रजी दिसलं की कार्ड लवकर पोचतं. देवानं मला त्या घटकेला अशी अक्कल कुठून दिली कोण जाणे.

अक्कल दिली खरी, पण ती अंगाशी आली. सासऱ्यांना ती युक्ती फार आवडली. दुसऱ्याच आठवड्यात शहाद्याच्या मारवाडी शेठना कार्ड लिहायचं होतं, सरकीबद्दल काहीतरी. मजकूर झाला. मी कार्ड पुढे केलं तर ते म्हणाले, "तुन्हा बापले लिखस तोच शब्द माले बी लिखी दे." मी म्हणू काय? समोर वडिलांना धाडायचं कार्ड पडलेलं, त्यावर शब्द लिहिलेला, आणि सासरे दोन्ही कार्डं शेजारी शेजारी धरून आकार जुळतो का ते बघणार. त्या आठवड्यात नवऱ्याला हिवताप होता, म्हणून वडिलांच्या कार्डावर 'वरीड' होतं. तेच शेठच्या कार्डावर गेलं. मग ती प्रथाच पडली. व्याह्यांना, आतेभावाला, धुळ्याच्या वकिलाला, सगळ्यांना आमच्या घरून जाणाऱ्या कार्डावर माझ्या मनाची त्या आठवड्याची हवा लिहिलेली असे. बहुतेकांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून निभावलं.

शेठच्या मुनीमाला मात्र येत होतं. चारच दिवसांत शेठ स्वतः टांगा करून दारात हजर, हातात नारळ आणि खडीसाखरेची पुडी. सासरे बघतच राहिले. शेठनी आपल्या मारवाडी वळणाच्या मराठीत विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना, मुनीम म्हणतो कार्डात लिहिलंय की तुम्ही मोठ्या काळजीत आहात. सासरे म्हणाले, काळजी कसली, कापूस उभा आहे, बैल धडधाकट आहेत. दोघांनी चहा घेतला, खडीसाखर वाटली गेली आणि शेठ परत गेले. पुढे कितीतरी दिवस सासरे ही गोष्ट हसून सांगत, की मुनीमाला धड वाचता येत नाही, पण कार्डाचा गुण बघा, शेठ स्वतः धावत आला.

मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी माझी गत. शेठ 'काळजी' म्हणाले आणि माझ्या हातातली पळी खाली पडली. सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी पळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चुलीत लाकूड सारलं.  त्यांच्या काही लक्षात आलं नाही असं मी धरून चालले.

वडिलांची कार्डं दर पंधरा दिवसांनी येत. कोपऱ्यात नेहमी 'वेल'. माझा शब्द बघून मजकुरात ते असं काही लिहीत की सासऱ्यांना तो सर्वसाधारण उपदेश वाटावा आणि मला माझं उत्तर मिळावं. 'अनईझी'ला उत्तर आलं, 'नवीन जागी झोप उशिरा लागते, पण लागते.' सासरे म्हणाले, मास्तर मोठे विचारी आहेत. सासरे ती कार्डं ओट्यावरच्या वाकड्या तारेत ओवून ठेवत. मी झाडता झाडता मान वर करून कोपरे बघायची. एकावर एक 'वेल' बघून मला बरं वाटायचं.

'डिस्ट्रेस्ड' मी एकदाच लिहिलं. श्रावणात घरात कानबाई देवी बसायची होती. कानबाईच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घेतात. तान्हं पोर असलं तरी त्याच्या नावाची मूठ धरायचीच. ते काम त्या वर्षी माझ्याकडे दिलं होतं. मी ओट्यावर दिसणाऱ्या मिशा मोजल्या आणि जावेचं दोन महिन्यांचं लेकरू विसरले. पीठ दळून झाल्यावर ते उघडकीला आलं. जाऊ रडायलाच लागली की हिनं माझ्या पोराला घरातून वगळलं. चुलत्या, नणंदा, शेजारणी, सगळ्या जमलेल्या. सासूबाईंनी पुन्हा गहू आणवले, स्वतः मूठ मोजली, आणि तिथंच सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हिले माय नही, हिले कोन शिकाडी?"

चुकलं होतं माझंच. पण आई नाही हे कुणी असं चारचौघींत गव्हाच्या टोपलीपाशी काढावं, हे मला सोसलं नाही. दुपारी कार्ड लिहायला बसले आणि कोपऱ्यात तो शब्द लिहिला. लिहिताना हात जराही हलला नाही. मग एकदम नदी आठवली. श्रावणातली तापी दोन्ही काठ धरून चालली होती, नावा बंद होत्या. वडिलांना पोहता येत नव्हतं. पण कार्ड मिळालं असतं तर ते निघाले असते, कुणाचं ऐकलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी दौत उचलली आणि कार्डावर उपडी केली. शाई कार्डावर, पाटीवर, सारवलेल्या जमिनीवर. सासूबाई आल्या, डाग पाहिला, शेण आणून त्या जागी पोतेरं फिरवलं. दुसऱ्या दिवशी मी नवं कार्ड लिहिलं आणि त्यावर 'अपसेट' टाकलं. तेही खोटं नव्हतं.

मग तो मार्गशीर्षातला दिवस. लग्नाला अडीच वर्षं झाली होती. मिरची खळ्यावर पसरलेली, कापूस वेचायला माणसं कमी, घरात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नाही. टपालवाल्यानं कार्ड दिलं. सासरे म्हणाले, वाच. मी वाचलं, येथील सर्व क्षेम, थंडी चांगली पडली आहे, तुझी प्रकृती जपणे. सासरे बरं म्हणाले आणि कार्ड तारेत ओवून खळ्यावर गेले. मी तिथंच उभी राहिले. कोपऱ्यात 'वेल' नव्हतं. 'अँक्शस' होतं. आणि वडिलांचं अक्षर, ज्याच्यावरून शाळेतली पोरं कित्ता गिरवत, ते ओळीवरून घसरलेलं होतं.

मी त्यांना ओळखत होते. साध्या सर्दीपडशाला ते हा शब्द वापरणार नाहीत. ते अंथरुणाला खिळले होते आणि दाराकडे बघत होते. मला जायला हवं होतं. पण जाणार कशी? सून माहेरी जाते ती माहेरचा मुराळी न्यायला आला तर. मला भाऊ नाही. दर आखाजीला न्यायला वडीलच येत, आणि ते तर आता उठू शकत नव्हते. बरं, ते आजारी आहेत असं सांगावं, तर कार्डात सर्व क्षेम, मीच मोठ्यानं वाचलेलं. मग तुला कसं कळलं? याचं खरं उत्तर द्यायचं म्हणजे अडीच वर्षं मी घराच्या कार्डांवर घराविरुद्ध काय काय लिहीत आले ते सांगायचं. सासऱ्यांना आणि साऱ्या गावाला वेड्यात काढल्याचंही. माझी मलाच लाज वाटली. पण वडील दाराकडे बघताहेत हे डोळ्यांपुढून जाईना.

दुपारी मी आणि सासूबाई मिरच्यांचे देठ खुडत बसलो. मिरचीच्या कामाचा एक फायदा आहे. डोळ्यांतून पाणी आलं तर कुणी कारण विचारत नाही. मी तासभर रडत खुडत होते. शेवटी त्याच म्हणाल्या की एवढी तर तिखट नाही ही मिरची. मग मी सगळं सांगितलं. करार, कोपरा, टपालातल्या साहेबांची थाप, शेठची खडीसाखर, कानबाईचा दिवस, उपडी केलेली दौत. एकेक शब्द कशासाठी होता तेही सांगितलं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं कशाला? वडिलांनी आज कोणता शब्द लिहिलाय तो सांगितला आणि मान खाली घालून बसले, आता काय होईल ते होवो म्हणून.

त्या देठ खुडतच होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शेठ उना त्या दिनलेच माले समजनं."

मी वर बघितलं. त्या सांगत राहिल्या, नेहमीच्याच आवाजात. पळी पडली तेव्हा त्यांना कळलं की कोपऱ्यातलं ते टपालासाठी नाही. मग त्या बघत गेल्या. कार्ड लिहून झाल्यावर मी शेवटी कोपऱ्याशी थांबते, कधी पटकन लिहिते, कधी हात घुटमळतो. घुटमळला त्या रात्री मी अर्धी भाकर खाते. ज्या दिवशी शाई सांडली त्या दिवशी त्यांना झोप लागली नव्हती. मला आठवलं की पुष्कळदा सकाळी चुलीच्या वैलावर माझ्यापुरती एक गरम भाकर झाकून ठेवलेली असे. ती उरलेली आहे असं मी समजत होते. मी विचारलं की मग तुम्ही मामंजींना का नाही सांगितलं.

त्यांनी हातातली मिरची टोपलीत टाकली. म्हणाल्या, "मन्हा माहेरले धाडाले मन्हाकडे एक बी शब्द नव्हता."

एवढं बोलून त्या उठल्या, राखेनं हात धुतले आणि खळ्यावर गेल्या. मी मागोमाग गेले, कुंपणाशी थांबले. त्यांनी सासऱ्यांना सांगितलं की व्याही आजारी आहेत, उद्या पहाटे गाडी जुंपायची, सुनेला पोचवायचं. सासरे म्हणाले की काहीतरीच काय, आताच कार्ड वाचलं, मी ऐकलं, सर्व क्षेम आहे. शिवाय मुराळी नाही, काही नाही, लोक काय म्हणतील? सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही नुसतं आयकं. मी हिले देखं."  चाळीस वर्षांच्या संसारात बायकोनं सासऱ्यांना बहुधा पहिल्यांदाच काही करायला सांगितलं होतं. त्यांनी गडीमाणसाला हाक मारून बैलांना चारा टाकायला सांगितलं.

नवरा गाडी हाकायला होता. सासूबाई प्रकाशे गावच्या नावेपर्यंत माझ्याबरोबर आल्या, तिथल्या केदारेश्वराला हात जोडले. नदी उतरलेली, थंड, वाळूत पाय रुतत होते. नाव भरायला वेळ होता. त्यांनी विचारलं, "त्यास्नी कोनता शब्द लिखा?" मी काडीनं वाळूत लिहून दाखवला. त्या वाकून बघत राहिल्या, गव्हातले खडे बघावेत तशा. याचा अर्थ काय, असं विचारल्यावर मी वडिलांचंच वाक्य सांगितलं, कुणी यायचं असतं आणि माणूस दाराकडे बघत बसतं. त्यांनी हूं केलं. नाव सुटली तेव्हा त्या तिथंच वाळूपाशी उभ्या होत्या.

वडील खरंच अंथरुणावर होते. छातीत कफ दाटलेला, ताप. शेजारच्या काकू पेज देत होत्या. खाट त्यांनी दाराच्या अगदी समोर ओढून घेतली होती. मला बघून ते उठायला गेले आणि खोकल्यानं परत पडले. "एका शब्दावर आलीस," एवढंच म्हणाले. मी त्यांच्या पायाशी बसून पोटभर रडले, आणि या वेळी मिरचीचं निमित्त नव्हतं.

पंधरा दिवसांनी ताप उतरला. तीन आठवड्यांनी ते भिंतीला धरून चालायला लागले आणि माझ्या स्वयंपाकात चुका काढायला लागले, तेव्हा मी निश्चिंत झाले. मी त्यांना सगळं सांगितलं. शेठच्या खडीसाखरेवर ते इतके हसले की मला पाणी आणून द्यावं लागलं. पळीचं आणि भाकरीचं ऐकताना हसले नाहीत.

त्याच सुमारास सासरहून कार्ड आलं. मजकूर सासऱ्यांनी सांगितलेला, नवऱ्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात. येथील सर्व क्षेम, काळजी न करणे, व्याह्यांची प्रकृती पूर्ण सुधारेपर्यंत खुशाल राहणे, घाई नाही. मी वाचून दाखवलं आणि कार्ड कोनाड्यात ठेवायला गेले, तर डावा कोपरा दिसला. तिथं इंग्रजी अक्षरं होती. अक्षरं कसली, रांगोळीचे ठिपके जोडावेत तशी एकेक रेघ जोडून काढलेली चित्रं. कुठं शाई फुटलेली, कुठं रेघ दोनदा गिरवलेली, एक अक्षर तर साफ उलटं. आमच्या घरात इंग्रजी येणारं कुणी नव्हतं. पण ओट्यावरच्या तारेत वडिलांचं ते कार्ड होतं, आणि कोणता शब्द बघून काढायचा हे एकाच माणसाला माहीत होतं.

मी कार्ड वडिलांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला. सवयीनं हात उशाशी तांबड्या पेन्सिलीकडे गेला, कारण उलटं अक्षर दिसलं की ते दुरुस्त केल्याशिवाय त्यांना राहवत नसे. पेन्सिल उचलली, थोडा वेळ तशीच धरली आणि परत ठेवली. हे कुणी लिहिलं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या बाईंना अक्षरओळख आहे का? मी नाही म्हटलं. त्यांनी कार्ड जपून उशाशी ठेवलं. मग म्हणाले, "उद्या नीघ. तिकडे कुणीतरी दाराकडे बघतंय."

मी म्हटलं, आणि तुम्ही? ते म्हणाले, मी आता 'वेल' आहे, आणि करारात लबाडी नाही.

दिवेलागणीला मी सासरी पोचले. आगाऊ कळवलेलं नव्हतं. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या, पुढ्यात सुपात दादर, तोंड रस्त्याकडे. मला बघून त्यांनी सूप पाखडायला सुरुवात केली, जसं काही मघापासून तेच चाललं होतं. मी पाया पडले. त्यांनी व्याही कसे आहेत विचारलं, मी बरे आहेत म्हटलं. आखाजीनंतरच येशील असं वाटलं होतं, अशी त्यांनी थोडी थट्टाही केली. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळू आवाजात विचारलं,

"बराबर लिखं व्हतं ना?"

एक अक्षर उलटं होतं.

"बराबर," मी म्हटलं.